झग्याखालचा पोशाख : पदवीदान समारंभातील वेशभूषेचा इतिहास
(विशेष संदर्भ : मुंबई विद्यापीठ परिसर व नवी मुंबई)

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर पदवीदान समारंभाची सूचना लागते तेव्हा तीत समारंभाची वेळ, झग्याचे भाडे आणि झगा परत करण्याची मुदत यांचा तपशील असतो. झग्याच्या आत काय परिधान करावे याविषयी मात्र बहुधा एकच ओळ असते : ‘औपचारिक अथवा पारंपरिक पोशाख’. पुढचा निर्णय विद्यार्थी आणि त्याचे घर मिळून घेतात. आईची जपून ठेवलेली साडी, भावाच्या लग्नात शिवलेला कुडता, मुलाखतीसाठी घेतलेला शर्ट किंवा नेहमीचा पंजाबी ड्रेस यांपैकी काहीतरी निवडले जाते. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या निवडीला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

पदवीदान समारंभाच्या पोशाखाची चर्चा आजवर प्रामुख्याने झग्याभोवती फिरत राहिली. झगा परकीय की स्वदेशी, तो ठेवावा की टाकावा, हाच वादाचा विषय ठरला. प्रस्तुत लेखात दृष्टी थोडी खाली, झग्याच्या काठाकडे वळविली आहे. झगा अंगाचा बराचसा भाग झाकतो. डोके, गळा आणि पाऊल हे भाग मात्र झग्याबाहेर राहतात. पश्चिम भारतात विद्यापीठीय शिक्षण घेणाऱ्या पहिल्या पिढ्यांनी आपली ओळख याच उरलेल्या जागेत जपली, बदलली अथवा नव्याने घडविली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. झग्याऐवजी ‘भारतीय पोशाख’ आणण्याचे प्रयत्न अलीकडे होत असल्याने या इतिहासाचे स्मरण आवश्यक ठरते.

झग्याचा उगम

बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड ही मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठे चर्चच्या छायेत वाढली. अध्यापक व विद्यार्थी यांची गणना धर्मसेवकांत होत असे आणि त्यामुळे त्यांचा वेशही धर्मसेवकांचाच असे. थंड हवामानात, दगडी इमारतींत लांब व जाड झगा ही सोयीचीही बाब होती. १२२२ मध्ये ऑक्सफर्ड येथे भरलेल्या धर्मपरिषदेत कॅंटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लॅंग्टन यांनी धर्मसेवकांना बंद झगा घालण्याचा दंडक घालून दिला. पुढे धर्मसेवकांच्या अंगावरून हा वेश नाहीसा होत गेला, तरी विद्यापीठांनी तो सोडला नाही. अमेरिकेत १८९५ मध्ये महाविद्यालयांसाठी झग्याची समान संहिता तयार झाली आणि पदवीनुसार कापड, बाही, हूड यांचे नियम ठरले.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. ऑक्सफर्डने झग्याबरोबरच झग्याखालच्या कपड्यांचेही नियम केले. गडद सूट अथवा स्कर्ट, पांढरा शर्ट, गळ्याशी पांढरा बो किंवा काळी फीत असा वेश तेथे परीक्षा व पदवीदान या दोन्ही प्रसंगी आवश्यक मानला जातो. यातील स्त्री व पुरुष असा भेद करणारे नियम २०१२ मध्ये रद्द झाले. २०१५ च्या मतदानात विद्यार्थ्यांनी हा वेश कायम ठेवण्याच्या बाजूने मोठे बहुमत दिले. थोडक्यात, झग्याच्या मूळ देशात आतला पोशाखही संस्थेच्या ताब्यात होता. हाच झगा समुद्र ओलांडून मुंबईस आला तेव्हा आतल्या पोशाखाची गोष्ट वेगळ्या दिशेने गेली.

पगडी आणि झगा

१८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांची रचना लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. मुंबई विद्यापीठाचा कारभार आरंभी टाउन हॉलमधून चाले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे या विद्यापीठाचे १८६२ मधील पहिले पदवीधर. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून आणि गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार बांधलेले दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर पदवीदानाला साजेशी वास्तू मिळाली. गॉथिक कमानी, रंगीत काचा आणि काळे झगे असा तो सारा थाट विलायती होता.

तथापि, त्या थाटात उभी राहणारी माणसे अंगरखा, उपरणे, धोतर आणि पगडी या वेशात वाढली होती. बोडक्या डोक्याने सभेत जाणे तत्कालीन हिंदू समाजात अशुभ व असभ्य मानले जाई. पारशी व मुसलमान समाजांतही शिरोवेष्टनाला असेच महत्त्व होते. प्रत्येक पगडीची घडण जात, प्रांत व व्यवसाय सांगत असे. न्यायमूर्ती रानडे यांची पगडी त्यांच्या प्रतिमेचा अविभाज्य भाग बनली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले व १८९३ मध्ये ते पद भांडारकरांकडे आले. विद्यापीठाच्या सर्वोच्च शैक्षणिक पदावर पोहोचूनही या पिढीने पगडी उतरविली नाही. इंग्रजी ज्ञान आत्मसात करणारे डोके इंग्रजी टोपीखाली गेलेच पाहिजे असे तिला वाटले नाही.

पायांचा प्रश्न त्याहून नाजूक होता. देशी जोडे बाहेर काढून दिवाणखान्यात प्रवेश करणे ही एतद्देशीय रीत; बूट पायांत ठेवून डोक्यावरील टोपी काढणे ही युरोपीय रीत. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी देशी रीतीचा उपयोग आदर वसूल करण्यासाठी केला. १८५४ मध्ये गव्हर्नर-जनरलच्या सरकारने युरोपीय बूट-मोजे वापरणाऱ्या हिंदी गृहस्थांना सरकारी प्रसंगी ते घालून येण्याची मुभा दिली. म्हणजे विलायती बूट घातल्यास पाय झाकलेले चालत, देशी जोडा असल्यास तो दाराशी काढावा लागे. या पार्श्वभूमीवर एका पदवीधराच्या अंगावर पगडी, झगा आणि बूट एकत्र दिसणे याला विसंगती म्हणणे योग्य होणार नाही. कोणती गोष्ट सोडायची आणि कोणती राखायची याचा तो विचारपूर्वक केलेला हिशेब होता.

आनंदीबाई आणि कॉर्नेलिया : साडीचा प्रश्न

पुरुषाने अंगरख्यावर कोट चढविला तर समाज कुरकुरत असे. स्त्रीने पोशाख बदलला तर धर्म बुडाला असे मानले जाई. त्यामुळे उच्च शिक्षण घेणाऱ्या स्त्रीसमोर अभ्यासाइतकाच कपड्यांचा प्रश्न उभा राही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १८८३ मध्ये अमेरिकेस जाण्यापूर्वी श्रीरामपूर (बंगाल) येथे केलेल्या भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ अशी ग्वाही दिली. आहार आणि पोशाख ही त्या ग्वाहीची दृश्य लक्षणे होती.

परंतु फिलाडेल्फियातील हिवाळा कोणाच्या ग्वाहीकडे पाहून कमी होणारा नव्हता. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या पुरत्या झाकल्या जात नाहीत. ही अडचण थंडीची होती, तशीच परक्या समाजाच्या नजरेचीही होती. आनंदीबाईंनी त्यावर साडी न सोडता नेसण्याची पद्धत बदलण्याचा, अर्थात गुजराती पद्धतीची साडी स्वीकारण्याचा तोडगा काढला. ऑक्टोबर १८८५ मधील त्यांचे प्रसिद्ध छायाचित्र यासंदर्भात बोलके आहे. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली आणि आनंदीबाई, आपापल्या देशाच्या वेशात एकत्र बसल्या आहेत. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली व त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पुढील वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाईंचे पुणे येथे निधन झाले. सनातन्यांना दिलेला शब्द आणि शरीराची गरज या दोहोंमध्ये त्या स्त्रीला किती अरुंद जागा मिळाली होती, हे साडीच्या बदललेल्या नेसणीवरून ध्यानात येते.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा मार्ग निराळा होता. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. त्यांचे कुटुंब पारशी वंशाचे व ख्रिस्ती धर्माचे; आईवडिलांच्या घरातील वळण बरेचसे इंग्रजी होते. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या आणि तेथे त्यांनी साडीच वापरली. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली, परंतु ऑक्सफर्डमध्ये स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० मध्ये आरंभ झाल्याने त्यांना प्रत्यक्ष पदवी १९२२ मध्ये मिळाली. परीक्षा आणि झगा यांच्यामध्ये तीस वर्षांचे अंतर पडले. ‘परकीय वेश’ म्हणून झग्याकडे पाहताना ही बाब दृष्टिआड होऊ नये. ज्यांना तो नाकारला गेला होता त्यांच्या लेखी झगा ही हक्काची वस्तू होती.

विसाव्या शतकात नऊवारीची जागा क्रमाने पाचवारी गोल साडीने घेतली आणि शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थिनींमध्ये पंजाबी ड्रेस रूढ झाला. झगा मात्र तोच राहिला. म्हणजे झग्याच्या काठाखाली दिसणाऱ्या वीतभर कापडात मराठी स्त्रीच्या वेशपरिवर्तनाचा आलेख उमटला आहे.

पोशाख, जात आणि आत्मसन्मान

महाराष्ट्रात पोशाखाचा विचार जातीला वगळून होऊ शकत नाही. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. श्रीमंती पोशाखातील निमंत्रितांमध्ये त्यांनी राजपुत्राला खरी प्रजा कशी दिसते हे दाखवून दिले. येथे साधा वेश हा त्यांच्या म्हणण्याचाच भाग होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच प्रश्नाचे दुसरे उत्तर दिले. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे अस्पृश्य स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी जात ओळखू येईल अशी आखूड नेसण आणि अंगावरचे जड दागिने टाकण्याचा, अंगभर व स्वच्छ लुगडे नेसण्याचा सल्ला दिला. ज्या समाजाने पोशाखाच्या द्वारे हीनत्व लादले, तेथे पोशाख बदलणे हे बंधन तोडणे होते. बाबासाहेबांचा स्वतःचा सूट याच विचाराशी सुसंगत आहे. ५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. झगा परिधान केलेल्या बाबासाहेबांचे चित्र अनेक घरांत भिंतीवर आदराने लावलेले असते. त्या घरातील मुलीने किंवा मुलाने झगा घालून छायाचित्र काढले म्हणजे ते त्या चित्राशेजारी लागते. या झग्याला वसाहतवादाचे अवशेष म्हणून एका वाक्यात निकालात काढणे इतिहासाला धरून होणार नाही.

फुले आणि आंबेडकर यांच्या कृती परस्परविरोधी भासतात. एकाने परंपरेने मिळालेला वेश हेतुपूर्वक धारण केला, दुसऱ्याने तो हेतुपूर्वक टाकला. दोघांच्याही कृतीत समान धागा आहे तो निवडीचा. वेश कोणता, यापेक्षा तो कोणी ठरविला हा प्रश्न दोघांनीही मोलाचा मानला.

झगा उतरविण्याचे प्रयत्न

झग्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीत पदवीधरांना सप्तपर्णीची पाने देण्याची प्रथा आहे. बनारस हिंदू विद्यापीठात साफा व उत्तरीय रूढ झाले. २ एप्रिल २०१० रोजी भोपाळ येथील भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या समारंभात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच झगा उतरविला व ही प्रथा वसाहतकाळातील रानटी अवशेष असल्याची टीका केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये समारंभासाठी हातमागाच्या कापडाचे पोशाख वापरावेत असे विद्यापीठांना कळविले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील वैद्यकीय संस्थांना, संस्था ज्या राज्यात आहे तेथील परंपरेवर आधारित पोशाख तयार करण्यास सांगितले.

या सूचनांमागील भूमिका समजण्याजोगी आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत काळा कृत्रिम धाग्याचा झगा घालून दोन-तीन तास बसणे कोणालाही सुखावह नसते. हातमाग विणकराला काम मिळणे हेही इष्टच आहे. अडचण येते ती ‘राज्याची परंपरा’ या शब्दांपाशी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात झग्याऐवजी भारतीय पोशाख आणला गेला तेव्हा त्यातील पुणेरी पगडीवर विद्यार्थी संघटनांनी आक्षेप घेतला. जानेवारी २०१९ मधील पदवीप्रदान समारंभाच्या वेळी फुले पगडीची मागणी पुढे आली आणि त्यावरून निदर्शने झाली. ज्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे तेथे कोणाचे शिरोवेष्टन साऱ्या महाराष्ट्राचे म्हणून धारण करावयाचे, हा तो प्रश्न होता. काळा झगा कोणाचाच नसल्यामुळे त्याविषयी असा वाद होत नव्हता.

नवी मुंबईतील वर्तमान

या साऱ्याचा प्रत्यय नवी मुंबईसारख्या शहरात विशेष येतो. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसविण्यात आले. मिठागरे, भातशेती व मासेमारी यांवर जगणारा आगरी-कोळी समाज प्रकल्पग्रस्त झाला. १९८० व १९९० च्या दशकांत मुंबईतील घाऊक बाजारपेठा वाशी-तुर्भे येथे आल्या. त्यांच्याबरोबर प्रामुख्याने सातारा, सांगली भागांतून आलेला माथाडी कामगारही येथे स्थिरावला. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, केरळ, तमिळनाडू अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबे नोकरीनिमित्त येथे राहू लागली. रयत शिक्षण संस्थेचे वाशी येथील महाविद्यालय कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने १९७९ पासून चालते. ‘कमवा आणि शिका’ योजनेतून बहुजनांच्या मुलांना शिकविणाऱ्या कर्मवीरांना पुणे विद्यापीठाने १९५९ मध्ये डी.लिट. देऊन गौरविले होते.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आपापल्या प्रांगणात पदवी प्रमाणपत्र वितरणाचे समारंभ घेतात. त्यामुळे फोर्टच्या सभागृहात मोजक्यांच्या वाट्याला येणारा प्रसंग वाशी, नेरूळ, ऐरोली, पनवेल येथील सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या वाट्याला आला. प्रेक्षकांत त्याचे आईवडीलही बसू शकतात, हा त्यातील मोठा लाभ होय. अशा एका रांगेत कोळी घरातील मुलगी, माथाडीचा मुलगा, हिजाब घेतलेली विद्यार्थिनी, पगडीधारी शीख तरुण आणि मुंडू नेसणाऱ्या आजोबांची नात एकापाठोपाठ उभी असतात. एक शिरोवेष्टन किंवा एक नेसण या सर्वांची ‘परंपरा’ म्हणून निश्चित करणे अशक्य आहे. आजीने आयुष्यभर कष्ट करताना गुडघ्यापर्यंत खोचून नेसलेले लुगडे नातीला समारंभात अभिमानाने नेसावेसे वाटेल, किंवा त्या कष्टांपासून दूर आल्याची खूण म्हणून तिला पॅंट-शर्टच घालावासा वाटेल. दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि त्यांतील निवड महाविद्यालयाने करावयाची नाही.

खर्चाची बाजूही विचारात घ्यावयास हवी. भाड्याचा झगा वापरून परत करता येतो. तो आतला जुना शर्ट झाकतो आणि पैठणी व सुती साडी यांतील अंतरही बऱ्याच अंशी पुसतो. ‘पारंपरिक पोशाख सक्तीचा’ अशी सूचना निघाल्यास हे अंतर पुन्हा उघडे पडते. ज्याच्या घरी असा पोशाख नाही त्याला तो विकत घ्यावा लागतो, अन्यथा समारंभास न येणे तो पसंत करतो. त्याची अनुपस्थिती मग निरुत्साह म्हणून नोंदली जाते. विद्यार्थिनींच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. ‘शालीन’, ‘शोभेल असा’ या विशेषणांचा भार सूचनापत्रांत बहुधा मुलींच्या कपड्यांवरच पडतो. आनंदीबाईंना जी ग्वाही द्यावी लागली तिचे हे सौम्य रूप म्हणावे लागेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, पश्चिम भारतातील पदवीधरांनी झगा जसाच्या तसा स्वीकारला नाही. पगडी, साडी, जोडा यांच्याद्वारे त्यांनी त्यात आपली भर घातली. त्यामुळे येथील पदवीदानाचा वेश आरंभापासूनच संमिश्र आहे. दुसरा, स्त्रिया व दलित यांच्या दृष्टीने झगा हे दीर्घकाळ नाकारलेल्या अधिकाराचे चिन्ह होते. केवळ त्याच्या परकीय उगमावरून त्याचे मूल्यमापन करणे अपुरे आहे. तिसरा, झग्याच्या जागी कोणत्याही एका समूहाचा पारंपरिक वेश आणल्यास झग्याने सांभाळलेली समता व झग्याखाली राहिलेले स्वातंत्र्य या दोन्ही गोष्टी धोक्यात येतात.

या दृष्टीने महाविद्यालयांना काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. कृत्रिम धाग्याच्या जाड झग्याऐवजी हातमागाच्या सुती कापडाचा हलका झगा अथवा सर्वांना समान उपरणे घ्यावे. ते महाविद्यालयाने संग्रही ठेवून विद्यार्थ्यांना विनामूल्य वापरण्यास द्यावे. शिरोवेष्टन ऐच्छिक असावे. आणि आतल्या पोशाखाविषयी ‘स्वच्छ व सोयीचा’ या दोन शब्दांपलीकडे सूचना देऊ नये. पोशाखाचा ठराव करणाऱ्या समित्यांवर बहुधा अध्यापकच असतात. तेव्हा व्यासपीठावर येणारा विद्यार्थी कोणत्या घरातून आणि किती अंतर चालून तेथे पोहोचला आहे, याचे भान त्यांनीच प्रथम ठेवावयास हवे. त्या चालण्याचा पुरावा त्याच्या पदवीपत्रावर छापलेला नसतो; तो बहुधा झग्याच्या काठाखाली दिसत असतो.